विरुंगाचा पहारा

मध्य आफ्रिकेत जेथे काँगो, रुवांडा आणि युगांडा या तीन राज्यांच्या सरहद्दी एकत्र येतात, तेथे विरुंगा नावाची आठ ज्वालामुखी पर्वतांची रांग उभी आहे. त्यांपैकी न्यिरागोंगो आणि न्यामुलागिरा हे दोन पर्वत अजून धगधगते आहेत. उरलेले सहा निद्रिस्त असून त्यांच्या उतारांवर, खालच्या बांबूच्या बनांपासून वरच्या शेवाळाने मढलेल्या हागेनिया वृक्षांपर्यंत आणि त्याही पलीकडच्या थंड, धुकट माळांपर्यंत, महाकपींच्या कुळातील एक अत्यंत दुर्मीळ शाखा, म्हणजे डोंगरी गोरिला, शतकानुशतके वास करीत आली आहे. या गोरिलांचा दुसरा समुदाय उत्तरेस, युगांडातील ब्विंडीच्या निबिड अरण्यात आहे. या दोन ठिकाणांवाचून पृथ्वीच्या पाठीवर डोंगरी गोरिलाला तिसरे घर नाही. प्राणिसंग्रहालयांत जे गोरिला लोकांना पाहावयास मिळतात, ते जवळजवळ सर्व पश्चिम-मध्य आफ्रिकेच्या सखल अरण्यांतले, निराळ्या जातीचे. डोंगरी गोरिला पिंजऱ्यात टिकला नाही, आणि म्हणून या डोंगरांवरून तो नाहीसा झाला असता तर बीजापुरताही त्याचा वंश अन्यत्र शिल्लक राहिला नसता. १९८० च्या सुमारास विरुंगात तो अवघा अडीचशेच्या घरात उरला होता. आज दोन्ही अरण्ये मिळून त्याची संख्या हजारावर गेली आहे. हा वंश कोणी राखला आणि तो राखताना कोणाला काय गमवावे लागले, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याखेरीज या अपूर्व घटनेचा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

विज्ञानाच्या दफ्तरात या प्राण्याची पहिली नोंद झाली ती गोळीने. १७ ऑक्टोबर १९०२ रोजी रॉबर्ट फॉन बेरिंगे हा जर्मन कप्तान, आपल्या सरकारच्या पूर्व आफ्रिकेतील मुलखाची पाहणी करीत असता, साबिन्यो पर्वताच्या चढावर मुक्कामास होता. तेथे त्याने दोन मोठे, काळे कपी मारले, आणि त्यांपैकी जो एक दरीतून वर काढता आला त्याचे अवशेष बर्लिनला धाडले. तेथील प्राणिशास्त्रज्ञ पाउल माटशी याने पुढच्या वर्षी त्याची स्वतंत्र शाखा म्हणून नोंद केली आणि तिला त्या कप्तानाचेच नाव दिले. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे ही या प्राण्याच्या नशिबी शिकारीची वर्षे ठरली. युरोप-अमेरिकेतील संग्रहालये, राजपुत्र आणि धनिक यांना या नव्या, प्रचंड कपीची कातडी व कवट्या हव्या होत्या. स्वीडनचा राजपुत्र विल्हेल्म याने १९२१ च्या एकाच मोहिमेत चौदा गोरिला मारले. ज्या मादीला पहिले पिल्लू वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास होते आणि त्यानंतर साधारण चार वर्षांनी दुसरे, त्या प्राण्याच्या बाबतीत चौदा जीवांची हानी भरून येण्यास किती काळ लागेल याचा हिशेब त्या वेळी कोणाच्याही मनात आला नव्हता.

ज्याच्या मनात तो प्रथम आला, तो स्वतः शिकारीच होता. न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी मृत प्राण्यांचे जिवंत वाटावेत असे देखावे उभे करणारा कार्ल एकली १९२१ साली मिकेनो आणि करिसिंबी या पर्वतांवर आला, त्याच्या तुकडीने पाच गोरिला मारले, आणि त्यांचा देखावा आजही त्या संग्रहालयात उभा आहे. परंतु मारलेल्या त्या प्राण्याच्या चेहऱ्याकडे पाहताना आपल्या हातून हत्या घडली, ही बोच आपल्याला लागली असे त्याने पुढे लिहिले, आणि ही बोच मनातच न ठेवता तो कामाला लागला. हा प्रदेश तेव्हा बेल्जियमच्या अमलाखाली होता. बेल्जियमचा राजा पहिला आल्बर्ट याने १९१९ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील राष्ट्रीय उद्याने पाहिली होती, त्यामुळे एकलीच्या आर्जवाला तेथे अनुकूल भूमी सापडली. आणि २१ एप्रिल १९२५ रोजी राजाच्या फर्मानाने आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आफ्रिका खंडातील ते पहिले राष्ट्रीय उद्यान. पुढल्याच वर्षी बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ झां-मारी डेरशाइड याच्यासह गोरिलांच्या अभ्यासासाठी परत आलेला एकली मिकेनोच्या उतारावर आजारी पडून मरण पावला, आणि काबारा नावाच्या कुरणात, ज्या अरण्यासाठी त्याने खटपट केली त्याच अरण्यात, त्याला पुरण्यात आले. १९२९ साली उद्यानाचा विस्तार होऊन रुवांडाच्या बाजूचे पर्वतही त्याच्या हद्दीत आले.

या फर्मानाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. ते निघाले नसते तर पुढे राखण्यासारखे काही उरले असते की नाही, याचीच शंका आहे. तथापि ज्या सत्तेने ते काढले ती परकी होती, आणि डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या, मध काढणाऱ्या, बांबू तोडणाऱ्या आणि लहान हरणे धरणाऱ्या माणसांची वहिवाट काय होती, याची विचारपूस तिने केली नाही. हद्दीचे दगड रोवले गेले आणि कालपर्यंत जे काम होते ते आज गुन्हा ठरले. अरण्य आणि त्याचे शेजारी यांच्यामध्ये पडलेली ही फट पुढे पाऊण शतक रुंदावत गेली, आणि तिच्यातूनच या प्राण्यावरील बहुतेक संकटे आत शिरली.

१९५९-६० मध्ये जॉर्ज शेलर हा तरुण अमेरिकन अभ्यासक काबाराच्या कुरणात राहिला, आणि गोरिला हा नरभक्षक राक्षस असल्याची जी समजूत शिकाऱ्यांच्या कहाण्यांनी रूढ केली होती तिला त्याने केवळ निरीक्षणाच्या बळावर निरुत्तर केले. रानटी सेलरी, अंगाला खाज आणणारी नेटल, काटेरी झुडपे आणि बांबूचे कोंब यांवर गुजराण करणारा, पाठीवर रुपेरी केस आलेल्या एका प्रौढ नराच्या छत्राखाली कुटुंबाने नांदणारा, आणि डिवचल्यावाचून सहसा अंगावर न येणारा असा हा प्राणी त्याच्या लेखनातून जगापुढे आला. विरुंगात सुमारे साडेचारशे गोरिला असावेत असा अंदाज त्याने बांधला. परंतु त्याच सुमारास काँगो आणि पाठोपाठ रुवांडा स्वतंत्र झाले, उद्यानाचे दोन राज्यांत दोन भाग झाले, यादवीने सरहद्दी अस्थिर केल्या, आणि पुढच्या वीस वर्षांत शेलरच्या आकड्यातील दोनपंचमांश गोरिला नाहीसे झाले.

त्यांच्या नाशाला बंदुकीपेक्षा नांगर अधिक कारणीभूत झाला. रुवांडा हा आफ्रिकेतील अत्यंत दाट वस्तीचा देश. ज्वालामुखीची माती सुपीक, आणि जमिनीची भूक अनावर. १९६९ च्या सुमारास तेथील उद्यानाचा सुमारे दहा हजार हेक्टरांचा पट्टा, म्हणजे एकूण क्षेत्राचे जवळजवळ चाळीस टक्के, पायरेथ्रम या फुलाच्या लागवडीसाठी तोडण्यात आला. या फुलापासून कीटकनाशक बनते आणि युरोपात त्याला मागणी होती. परंतु थोड्याच काळात कारखान्यांत तयार होणारी कृत्रिम औषधे स्वस्त पडू लागली आणि त्या पिकाचा भाव उतरला. अरण्याचा खालचा, अधिक उबदार भाग मात्र कायमचा गेला, आणि गोरिलांना वरच्या थंड, ओल्या उतारांवर सरकावे लागले. त्याच १९६९ साली जर्मनीतील कोलोन शहराच्या प्राणिसंग्रहालयासाठी दोन पिल्ले पकडण्यात आली. गोरिलाचे कुटुंब आपले पिल्लू जिवंत असेतो सोडीत नाही, म्हणून एक पिल्लू धरण्यासाठी कळपातील मोठ्यांना ठार मारावे लागते. तशी हत्या करून मिळविलेली ती दोन्ही पिल्ले १९७८ साली त्या परक्या शहरात मरण पावली.

डायन फॉसी ही बाई या कथेत येते ती याच पडत्या काळात. १९६७ च्या आरंभी तिने काबारा येथे काम सुरू केले, काँगोतील दंगलीमुळे तेथून तिला निघावे लागले, आणि त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरला तिने रुवांडाच्या हद्दीत, करिसिंबी आणि विसोके या पर्वतांमधील खिंडीत, करिसोके हे अभ्यासकेंद्र उभारले. प्रत्येक गोरिलाच्या नाकाभोवतीच्या वळ्यांची ठेवण निराळी असते हे लक्षात घेऊन तिने एकेका प्राण्याचे रेखाटन केले, त्याला नाव दिले, त्याच्या नात्यागोत्याची नोंद ठेवली. त्यामुळे जो प्राणी तोवर नुसता आकडा होता तो चरित्र असलेला जीव झाला. हरणांसाठी लावलेल्या फाशांत गोरिलांचे हातपाय अडकून सडत, म्हणून तिच्या माणसांनी हजारो फासे तोडले. ३१ डिसेंबर १९७७ रोजी तिचा अत्यंत लाडका डिजिट नावाचा नर आपल्या कुटुंबाच्या आणि भालेकऱ्यांच्या मध्ये उभा राहून मारला गेला, आणि त्याचे डोके व हात कापून नेण्यात आले. त्या दुःखाने तिचा स्वभाव अधिकच कठोर झाला. चोरट्या शिकाऱ्यांना पकडून ती स्वतःच शिक्षा करू लागली, गुरे हाकलू लागली, पर्यटकांना विरोध करू लागली. १९८५ च्या डिसेंबरात तिच्याच झोपडीत तिचा खून झाला. तिच्या निष्ठेपुढे नतमस्तक व्हावे, एवढी ती निष्ठा थोर होती. परंतु शेजारच्या माणसाला शत्रू मानणारा पहारा एका व्यक्तीच्या आयुष्याहून दीर्घ टिकू शकत नाही, हेही तिच्याच चरित्रातून दिसून येते.

दुसरा मार्ग तिच्या हयातीतच निघाला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उरलेल्या उद्यानापैकी आणखी मोठा भाग गुरचराईसाठी मोकळा करण्याचा विचार रुवांडाच्या दरबारी चालू असताना, बिल वेबर आणि एमी वेडर या अभ्यासक दांपत्याने असा प्रश्न मांडला की, अरण्य उभे ठेवण्यात या गरीब राष्ट्राला काही लाभ आहे असे दाखविल्याखेरीज त्याने ते का राखावे? १९७९ साली सुरू झालेल्या त्यांच्या योजनेने निवडक कळपांना माणसाच्या उपस्थितीची सवय लावली, आणि परवाना घेतलेल्या मोजक्या प्रवाशांना, वाटाड्यासह, ठराविक अंतर राखून, दिवसातून एकच तास त्या कळपाजवळ बसण्याची मुभा दिली. गुरचराईचा बेत मागे पडला, आणि काही वर्षांतच चहा-कॉफीच्या पाठोपाठ परकीय चलन मिळवून देणारा उद्योग म्हणून हे पर्यटन गणले जाऊ लागले. पुढे या महसुलातील वाटा गावांना देण्याचा दंडक पडला. रुवांडाने २००५ मध्ये पाच टक्क्यांनी आरंभ करून २०१७ मध्ये तो दहा टक्क्यांवर नेला, आणि त्यातून शाळा, दवाखाने व पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. २००५ पासून तेथे गोरिलांच्या नवजात पिल्लांचा नामकरणविधी देशाचा उत्सव म्हणून साजरा होतो. मुलाचे बारसे करण्याची रुवांडातील जुनी रीत त्यासाठी स्वीकारण्यात आली आहे.

तरीही या साऱ्या योजनांचा पाया ज्या कामावर रचलेला आहे ते कोणत्याही उत्सवात दिसत नाही. पायथ्याच्या गावांतून निघून माग काढणारे लोक रोज पहाटे डोंगर चढतात, आदल्या दिवशी जेथे कळप सोडला होता तेथपासून तुडवलेल्या गवताचा आणि मोडलेल्या देठांचा माग धरतात, आणि गोरिला दृष्टीस पडल्यावर एकेकाचे नाव घेऊन हजेरी मांडतात. गोरिलांची खानेसुमारीही याच माणसांच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. प्रत्येक गोरिला दररोज संध्याकाळी झाडपाला वाकवून नवे अंथरूण करतो, आणि सकाळी निघताना बहुधा तेथेच शेण टाकतो. त्यामुळे एका रात्रीची अंथरुणे मोजली आणि शेणाच्या आकारावरून वय ताडले की कळपाची कुळकथा हाती येते. लागोपाठच्या तीन मुक्कामांची मोजदाद जुळली तरच आकडा पक्का धरावा, असा शिरस्ता पडला. अलीकडच्या गणतीत शेणातील जनुकद्रव्याची तपासणीही होऊ लागल्यामुळे एकच प्राणी दोनदा मोजला गेला की काय, हेही कळते. या पद्धतीने १९८१ साली विरुंगात २५४ गोरिला भरले, १९८९ साली ३२४, २००३ साली ३८०, २०१० साली ४८०, आणि २०१५-१६ च्या गणतीत ६०४. ब्विंडीत २०१८ साली ४५९ मोजले गेले. सारे मिळून १,०६३.

या आकड्यांत वैद्यांचाही हिस्सा आहे. गोरिला आणि मानव यांचे शरीर इतके जवळचे की माणसाचे साधे पडसे त्याला जीवघेणे ठरू शकते. १९८६ पासून विरुंगात पशुवैद्य अरण्यातच जाऊन काम करू लागले. १९८८ साली श्वसनरोगाची साथ पसरून गोवराचा संशय आला तेव्हा दुरून बाणाने लस टोचण्यात आली. फाशात अडकलेल्या गोरिलाला झोपेचे औषध देऊन, त्याच्या संतप्त कुटुंबाला दूर थोपवून, जागच्या जागी तार कापायची आणि जखम धुवायची, हे काम आजही चालते. युगांडातील पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी १९९६ मध्ये ब्विंडीतील गोरिलांत आलेली खरजेची साथ हाताळली. तिचा उगम पायथ्याच्या गरीब वस्तीतच असावा, असा निष्कर्ष निघाला. माणसे आजारी असतील तर गोरिला निरोगी राहणार नाहीत, हे ओळखून २००३ साली त्यांनी जी संस्था काढली ती माणसांचे आणि प्राण्यांचे आरोग्य एकाच कामाच्या दोन बाजू मानते.

१९८९ आणि २००३ या दोन गणत्यांच्या दरम्यान काय घडले हे आठवले म्हणजे संख्या वाढली यावर विश्वास बसणे कठीण जाते. १९९० मध्ये रुवांडात यादवी पेटली, १९९४ मध्ये मानवी इतिहासातील एक अत्यंत भीषण नरसंहार झाला, लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून काँगोतील गोमा शहराभोवती गोळा झाले, आणि सरपणासाठी रोज हजारो माणसे अरण्यात शिरली. त्याच वर्षी युनेस्कोने जुन्या आल्बर्ट उद्यानाच्या काँगोतील भागाचे, म्हणजे विरुंगा राष्ट्रीय उद्यानाचे, नाव धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत घातले. करिसोके लुटले गेले, नष्ट झाले. परंतु माग काढणारी माणसे, त्यांतील कित्येकांनी आपले आप्त गमावलेले असताना, वाट मोकळी होताच पुन्हा डोंगर चढू लागली. काँगोच्या बाजूला तर युद्ध खऱ्या अर्थाने संपलेच नाही. २००७ च्या जुलैत रुगेंडो कुटुंबातील गोरिला गोळ्या घालून मारले गेले; मांसासाठी नव्हे, पिल्लांसाठीही नव्हे. अरण्यातील झाडे जाळून कोळसा करणाऱ्या टोळ्यांना पहारेकऱ्यांचा अडसर होत होता, आणि त्यांना दहशत बसावी म्हणून ही हत्या झाली असे तपासात पुढे आले. गावकऱ्यांनी बांबूच्या डोल्या करून ते प्रचंड देह खांद्यावरून खाली आणले. विरुंगा उद्यानाच्या स्थापनेपासून दोनशेहून अधिक वनरक्षक कर्तव्यावर मारले गेले आहेत; २४ एप्रिल २०२० च्या एकाच हल्ल्यात बारा रक्षक बळी पडले. अलीकडच्या वर्षांत सशस्त्र बंडखोरांनी पुन्हा त्या भागात ठाणी मांडली आहेत, आणि पहारा तरीही चालू आहे. गोरिलाच्या वाढत्या संख्येविषयी ज्यांना आनंद वाटतो त्यांनी या मृतांचे ऋण मानले पाहिजे.

आणखी एक ऋण आहे, आणि ते अद्याप फिटलेले नाही. या अरण्यांचे सर्वांत जुने रहिवासी बाट्वा हे होत. शिकार, मध, कंदमुळे आणि औषधी यांवर जगणारे हे लोक गोरिलांच्या शेजारी युगानुयुगे राहिले, आणि अरण्य त्यांच्या राहण्याने नष्ट झाले नव्हते. ते शेतीने आणि कुऱ्हाडीने घटले. १९९१ मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा ही राष्ट्रीय उद्याने घोषित झाली तेव्हा बाट्वांना तेथून काढण्यात आले. ज्यांच्या नावे सातबाऱ्यासारखा कोणताही कागद नव्हता त्यांना जमिनीचा मोबदला मिळाला नाही, आणि पुष्कळसे बाट्वा दुसऱ्यांच्या शेताच्या बांधावर मजुरी करीत भूमिहीन झाले. ब्विंडीत १९९४ पासून शेजारच्या गावांना ठरावीक पट्ट्यांत मधाच्या पेट्या ठेवण्याची, टोपल्यांसाठी वेली आणि औषधासाठी मुळ्या नेण्याची परवानगी मिळाली, ही शहाणपणाची सुधारणा होती. परंतु तिचा लाभ मुख्यतः शेतकऱ्यांना झाला. २०२१ मध्ये युगांडाच्या घटना न्यायालयाने बाट्वांवरील अन्याय मान्य करून त्यांना दाद मिळाली पाहिजे असे ठरविले. निवाडा झाला म्हणजे न्याय हाती आला असे मात्र होत नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने डोंगरी गोरिलाला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात घातले. महाकपींच्या साऱ्या शाखांत ज्याची संख्या निश्चितपणे वाढत आहे असा हा एकच, आणि म्हणून जगभरच्या संवर्धकांनी त्याकडे आशेने पाहावे हे योग्यच आहे. परंतु हजार ही संख्या एखाद्या मध्यम गावाच्याही लोकसंख्येहून लहान. एक साथ, एक युद्ध, एक चुकीचा राजकीय निर्णय तिला पुन्हा शेकड्यांत आणू शकेल. शिवाय अरण्य वाढलेले नाही. विरुंगात सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर आणि ब्विंडीत सुमारे तीनशे तीस, एवढ्याच जागेत कळप दाटले असून, शेजारी कळपांच्या झुंजी आणि त्यांत पिल्लांचे मृत्यू वाढल्याचे निरीक्षण करिसोकेचे काम पुढे चालविणाऱ्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. म्हणून रुवांडाने आता उद्यानाची हद्द पुन्हा खाली सरकविण्याची, म्हणजे पूर्वी पायरेथ्रमसाठी तोडलेल्या जमिनीचा काही अंश अरण्याला परत देण्याची, योजना हाती घेतली आहे.

त्या जमिनीवर आज शेतकऱ्यांची घरे आहेत. त्यांना उठवावे लागेल, आणि त्यांचे पुनर्वसन कसे होते यावरच या शंभर वर्षांतून राज्यकर्ते काय शिकले हे ठरेल. १९२५ चे फर्मान माणसांना न विचारता निघाले आणि त्याचे परिणाम गोरिलांनाच भोगावे लागले. १९९१ ची हकालपट्टी बाट्वांना न विचारता झाली आणि तिचा कलंक संवर्धनाच्या कार्यावर राहिला. उलट गावाला रोजगार, वाटा आणि मान जसजसा मिळत गेला, तसतशी संख्याही चढत गेली. नव्या हद्दीसाठी ज्याचे शेत जाईल त्याला त्याच्या संमतीने, त्याच्या डोळ्यांदेखत, पूर्ण मोबदला आणि बरोबरीची जमीन मिळाली पाहिजे, आणि बाट्वांच्या जुन्या दाव्याचा निकाल त्याच वेळी अमलात आला पाहिजे. कारण पुढच्या शतकात रोज पहाटे हा डोंगर चढून गोरिलांची हजेरी घेणारी माणसे त्याच घरांतून यावयाची आहेत.